सूचना : ड्रेनेजचं पाणी घरात उलटं आल्यास

सर्व सभासदांना नमस्कार.

काल सकाळी तळमजल्यावरच्या दोन घरांत बाथरूमच्या जाळीतून मैलपाणी वर आलं. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. सुटलं की सगळी बिल्डिंग एकदमच धुणी काढते, आणि चेंबर तुंबलेला असला की वरच्यांचं पाणी खालच्यांच्या घरात निघतं. म्हणून ग्रुपवर मेसेज दिसला की नळ, फ्लश, वॉशिंग मशीन लगेच बंद. अर्धी बादलीसुद्धा ओतू नका.

ज्यांच्या घरात पाणी येईल त्यांनी कोरड्या जागी उभं राहूनच मेन स्विच पाडावा. साफसफाईला गमबूट आणि रबरी हातमोजे घाला. फरशी आधी साबणाने, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा. त्यात ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर अजिबात मिसळू नका. क्लोरीन वायू होतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतेल. चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवता येतात. कापसाची गादी मात्र वाचवायच्या फंदात पडू नका.

हौदात मैलपाणी गेल्याची शंका आली तरी मोटर लावायची नाही. हौद उपसून, धुऊन मगच पाणी भरू.

चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही, "पाचशे देतो, उतर" हे तर नकोच. आतल्या वायूने माणूस मरतो आणि हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने असं उतरवणं हा गुन्हाही आहे. महापालिकेची गाडी मागवू.

कालच्या चेंबरमधून डायपर आणि सॅनिटरी पॅड निघाले. कुणाचे ते विचारत नाही.

– सचिव