पाणी बघायला इतक्या लांब?

ठाणे, 24 नोव्हेंबर

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, तुम्हा दोघांना थायलंडला, फुकेतच्या समुद्राकाठी फिरायला नेते, असं मी फोनवर म्हटलं. तो फोन ठेवून दोन दिवस झाले तरी तुझं बोलणं मनातून जात नाही. "पाणी बघायला परदेशात कशाला जायचं? ते आपल्या दारात येऊन गेलंय की." मला उत्तर सुचलं नाही, आणि तू लगेच "बघू पुढचं पुढं" म्हणून कुकरकडे गेलीस. बाबांनी तर फोन हातातच घेतला नाही. म्हणून पत्र लिहितेय. फोनवरचं बोलणं तुम्ही दोघं सहज टाळता. कागदावरचं बाबा चष्मा लावून दोनदा वाचतात.

2019 चा ऑगस्ट मी तुमच्याबरोबर काढला नाही, याची टोचणी अजून आहे. आपल्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, आणि त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. जयंती नाला फुगून शाहूपुरीत आपल्या गल्लीत शिरला. बाबांनी शिलाई मशीन माळ्यावर चढवलं, तू अंबाबाईचा फोटो आणि औषधांची पिशवी तेवढी उचललीस, आणि तुम्ही राजारामपुरीत मावशीकडे गेलात. हायवे शिरोलीला बंद. मी इथं बॅग भरून बसलेली, आणि तुझा फोन लागेना. पाणी ओसरल्यावर आले तेव्हा तू अंगणात बसून लग्नाचा शालू धूत होतीस. चिखलाचा डाग निघत नव्हता, आणि तू काही न बोलता धूतच होतीस. तेव्हापासून पाऊस लागला की तू रात्री उठून नाल्याकडे बघून येतेस, हे बाबांनी मला सांगितलंय.

त्यामुळं तुझा प्रश्न मला कळतो. पण मला तुम्हाला समुद्राकाठी न्यायचंय ते त्याचमुळं. समुद्र दिवसातून दोनदा वर येतो आणि दोनदा मागं जातो. वाळूवर त्याची रेघ उमटलेली असते. तुम्ही खुर्ची टाकून बसायचं, ते पाणी पायापर्यंत आलेलं बघायचं आणि परत गेलेलंही बघायचं. परत जाणारं पाणी तुम्ही दोघांनी निवांत बसून कधी बघितलंच नाही.

आणखी एक आहे. तुम्ही आजवर कारणाशिवाय कुठं गेला नाहीत. जोतिबा, नृसिंहवाडी, पंढरपूर, एकदा तिरुपती. बाकी लग्नं, बारशी, दहावं-तेरावं आणि माझं बाळंतपण. ती दक्षिणेची सहल केलीत, तर पहाटे पाचला उठवायचे आणि रात्री दहाला मुक्कामाला सोडायचे. आईचा गुडघा त्यात सुजला तो महिनाभर उतरला नाही. आता मला तुम्हाला असं न्यायचंय की नवस नाही, आहेर नाही, यादी नाही. आपण तिघंच. लग्नाआधी आपण असायचो तसे. नातीची शाळा आणि घर तुमचे जावई सांभाळणार आहेत, त्यांनी आपण होऊन सांगितलंय.

बाबा, तुम्ही म्हणाल, मालवण आहे की, गोवा आहे की. दोन्हीकडं जायचं करून बघितलंय. मालवणला गेलात आणि दुसऱ्या दिवशी दुधाचा हिशेब राहिला म्हणून परतलात. गोव्याला तर सावंतवाडीच्या पाहुण्यांनी वाटेतच ठेवून घेतलं. आंबोलीचा घाट चढला की आपला भाग येतो, त्यामुळं माघारी फिरायलाही वेळ लागत नाही. मला असं ठिकाण हवंय की कुणी फोन केला तरी तुम्हाला "आम्ही इथं नाही" एवढंच म्हणता येईल. म्हणून थायलंडचं फुकेत.

फुकेत हे बेट आहे, पश्चिमेला अंदमानचा समुद्र. म्हणजे सूर्य पाण्यात मावळतो; रंकाळ्यावर तुम्ही बघता तसाच, फक्त पलीकडं काठ नाही. तिथंही नैर्ऋत्य मान्सून येतो. साधारण मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला असतो आणि किनाऱ्यावर लाल झेंडे लागतात. लाल झेंडा असला की पाण्यात उतरायचं नाही. नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम. डिसेंबर मी आधीच सोडला, कारण आईचे मार्गशीर्षातले गुरुवार. आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव. सूर्याची किरणं देवीच्या चरणांवर पडायच्या वेळेला आई कोल्हापूर सोडणार नाही, आणि मी सोडायला सांगणारही नाही. तो झाला की मग निघायचं. पाच रात्री, एकाच हॉटेलात. रोज बॅग भरणं नाही.

तुम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसनं या. खालचे दोन्ही बर्थ मी बघते. एक रात्र माझ्याकडं विसावा, दुसऱ्या दिवशी मुंबईहून विमान. साडेचार-पाच तास लागतात. तिथलं घड्याळ आपल्यापुढं दीड तास. विमानतळ बेटाच्या उत्तर टोकाला आहे आणि आपण राहणार दक्षिणेकडं, म्हणजे साधारण कोल्हापूर-सांगली एवढा गाडीचा प्रवास उरतो. त्या दिवशी दुसरं काही ठेवलेलं नाही.

आता व्हीलचेअरचं. बाबा, हे नीट वाचा. विमानतळावर आईसाठी मी व्हीलचेअर सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, "तिला काय झालंय? चालती-फिरती बाई." ती चालते, पण मुंबईच्या विमानतळावर फाटकापासून विमानापर्यंत रांगा आणि चाल मिळून एवढं होतं की माझेही पाय दुखतात. तिथं तिचा गुडघा संपवला तर वाळूवर चालायला काय उरणार? ही सोय वयस्कर माणसांसाठीच असते, तिचे पैसे पडत नाहीत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुम्ही तिच्या शेजारून ऐटीत चाला. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटासकट, डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर. डब्यात सुट्ट्या करून आणू नका. विमा मी काढणार आहे आणि त्यात बीपी-शुगर लिहूनच काढणार आहे. लपवलं तर अडचणीच्या वेळी तो कागद काही कामाचा राहत नाही.

राहायला काटा नावाचा किनारा बघितलाय. पातोंग त्याहून मोठा आणि गाजलेला, पण तिथं रात्रभर गाणी आणि गर्दी. आपल्याला झोप हवी. वाळूत चालणं आईला जड जाईल, म्हणून ओहोटीच्या वेळी पाण्याच्या कडेनं, ओल्या घट्ट वाळूवरून चालायचं. सकाळी लवकर आणि संध्याकाळी. दुपारचं ऊन तिथं फार लागतं, तेव्हा खोलीत पडायचं. एकच दिवस बोटीचा ठेवलाय, फांग-ङा उपसागराचा. शांत हिरवं पाणी, आणि त्यातून चुनखडीचे सरळसोट डोंगर वर आलेले. एक सुळका तर खाली निमुळता आणि वर रुंद आहे, कसा उभा राहिलाय असं वाटतं. बोट मोठी, संथ. फी-फी बेटांवर सगळे जातात, पण बऱ्याच सहली स्पीडबोटीच्या, आणि तिचे दणके पाठीला सोसत नाहीत. ते मी काढून टाकलं.

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवणार नाही. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली तेव्हा या किनाऱ्यांवरही माणसं गेली. तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं, तर "लेकीनं सांगितलं नाही" असं झालं असतं. त्यानंतर तिथं इशारा देणारे भोंग्यांचे मनोरे उभारले, आणि कुठल्या बाजूनं उंचावर जायचं त्याच्या पाट्या लावल्या. मी हॉटेल चढावर असलेलं बघितलंय, आणि पोचल्यावर पहिलं काम त्या पाट्या बघण्याचं करणार आहे. 2019 ला माझ्या हातात काहीच नव्हतं. या वेळी मी तुमच्याबरोबर असेन.

बाबा, तुमच्यासाठी तिथं एक वेगळीच गोष्ट सापडलीय. उद्यमनगरच्या फाउंड्रीत चौतीस वर्षं ओतकाम केलेला माणूस नुसता समुद्र बघत बसणार नाही, हे मला कळतं. फुकेत पर्यटनावर मोठं व्हायच्या आधी कथलावर मोठं झालं. पितळेच्या भांड्यांना कल्हई करायचं तेच कथील. चीनहून खाणीत मजुरीला आलेले लोक तिथंच स्थायिक झाले, काही व्यापारी श्रीमंत झाले, आणि जुन्या शहरात त्यांनी बांधलेली घरं अजून उभी आहेत: खाली कमानींचा सलग व्हरांडा, वर नक्षीच्या खिडक्या, फिकट पिवळे-निळे रंग. कथू नावाच्या भागात खाणींचं संग्रहालयच आहे. तिथं एक अख्खी सकाळ तुमची. लहानपणी आपल्या दारात कल्हईवाला यायचा, नवसागराचा धूर निघायचा, आणि तुम्ही त्याच्याशेजारी उकिडवे बसून "कथील चोख आहे का रं?" म्हणून विचारायचात. ते मला तिथल्या एका फोटोतली भट्टी बघताना आठवलं.

आईच्या जेवणाचा मी सगळ्यात जास्त विचार केलाय. तिथं माशाचं खारं पाणी भाजीतसुद्धा घालतात, त्यामुळं "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. पण पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत "जे" लिहिलेलं दुकान दिसलं की निर्धास्त जायचं. त्यात मांस-मासे-अंडं काही नसतं, कांदा-लसूणही नसतो. हे तिथल्या चिनी लोकांचं व्रताचं जेवण. आपल्या नवरात्राच्या आसपास त्यांचे नऊ दिवस असतात, तेव्हा लोक पांढरे कपडे घालून हेच खातात. आई, तुझ्या उपासाची माणसं तिथंही आहेत. गणपतीही आहे. त्याला ते फ्रा फिकनेत म्हणतात, म्हणजे आपला विघ्नेशच. फळं तर विचारू नकोस, त्यात फुकेतचा छोटा गोड अननस. बाबांना रस्सा हवा असेल तर दक्षिण थायलंडचं जेवण झणझणीत म्हणून ओळखलं जातं. तरी कांदा-लसूण चटणीची एक पुडी घट्ट बांधून मोठ्या बॅगेत टाका. भडंगही.

खर्चाचं. दोन वर्षांपूर्वी मी आवर्ती ठेव सुरू केली, महिन्याला 5,000. कशासाठी ते घरात एकाच माणसाला माहीत होतं. ती फेब्रुवारीच्या आधी पुरी होते. कर्ज नाही, कुणाचं काही मोडलेलं नाही. बाबा, तुम्हाला तरीही राहवणार नाही, म्हणून रोजच्या शहाळ्यांचे पैसे तुम्ही द्यायचे.

पासपोर्टचं मात्र याच आठवड्यात लागायला हवं. कोल्हापुरातच पोस्टाच्या केंद्रात होतं, पुण्याला जायची गरज नाही. फी 1,500 रुपये, साठीच्या पुढच्यांना 10 टक्के सूट. बाबांची जन्मतारीख शाळेत लावलेली 1 जून आहे, तीच सगळीकडं हवी. आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का ते बघा. आईचं माहेरचं नाव एका कागदावर आहे आणि सासरचं दुसऱ्यावर, तिथं अडेल. लग्नाचा दाखला शोधून ठेवा. तो पुरात भिजला होता, पण तू इस्त्रीखाली वाळवून वहीत ठेवलेला मी पाहिलाय. मी शनिवारी येते आणि अर्ज माझ्या हातानं भरते. व्हिसाचे नियम आणि तिथं उतरण्याआधी भरायचा ऑनलाइन फॉर्म, हे सगळं माझ्याकडं.

आई, दोन सुती साड्या पुरतील, आणि पाण्यात जायला तो जुना पंजाबी ड्रेस घे, जो तू कुणासमोर घालत नाहीस. तिथं आपल्याला ओळखणारं कुणी नाही.

बाबा, तुम्ही मला पाठीवर डबा बांधून मामाच्या विहिरीत सोडलं होतंत, आणि मी घाबरून ओरडले तेव्हा पायरीवरून म्हणाला होतात, "पाय हलीव, मी हाय." त्यानंतर तुम्ही स्वतः कधी पोहलात ते मला आठवत नाही. पोहायची चड्डी असेलच असं नाही. कमरेचं माप शनिवारी देऊन ठेवा, मी इथून आणते.

तुमची लेक