सिस्टर, तो ड्रम तुम्ही परत पाठवलात

सिस्टर, स. न. वि. वि.

समोर येऊन थँक्यू म्हटलं तर "आधी मास्क नीट लाव" एवढंच ऐकायला मिळेल, म्हणून लिहितोय. तेही उघड, कारण ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये कामाला यायचं म्हणणाऱ्या पोरापोरींनी हे वाचावं.

बारावी सायन्सनंतर एका खासगी क्लासचं ६ महिन्यांचं सर्टिफिकेट घेऊन मी तुमच्या ओटीत मदतनीस म्हणून चिकटलो. तुम्ही ते उलटसुलट पाहिलंत आणि विचारलंत, "याला मान्यता कुणाची रे?" मला सांगता येईना. फी तर वडिलांनी उसनवारी करून भरलेली. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची बीपीएमटी ही पॅरामेडिकल तंत्रज्ञांची पदवी असते, ३ वर्षं शिक्षण आणि १ वर्ष इंटर्नशिप, त्यात ऑपरेशन थिएटरची वेगळी शाखा आहे, हे मला तुमच्याकडून कळलं. खरं सांगतो, त्या दिवशी तुमचा रागच आला होता.

तरी तीच पदवी करायला घेतली आणि इंटर्नशिपला पुन्हा तुमच्याच हाताखाली आलो. सकाळी हर्नियाची केस, आदल्या रात्री मी निर्जंतुक करायच्या गाऊन-कापडांचा ड्रम ठासून भरलेला. १२१ अंशांच्या दाबाखालच्या वाफेत तो ऑटोक्लेव्ह झाला, बाहेर चिकटवलेल्या टेपवरच्या रेघा काळ्या झाल्या, मी निर्धास्त. तुम्ही झाकण उघडलंत, मधला गाऊन चाचपलात. ओलसर! वाफ पोचली की रंग बदलणारी आतली पट्टीही अर्धवटच रंगलेली. "टेप एवढंच सांगते की ड्रम तापला. वाफ आतपर्यंत पोचली का, ते तिला काय ठाऊक?" ड्रम परत गेला, दुसरा येईपर्यंत केस थांबली. सर्जन तडकले ते तुमच्यावर. माझं नाव तुम्ही काढलंच नाहीत.

आता पुण्यात लॅप्रोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनांच्या ओटीत आहे. बॅचमधली एक हॉस्पिटलचा निर्जंतुकीकरण विभाग (सीएसएसडी) सांभाळते, एक जण इम्प्लांट कंपनीचे गुडघ्याचे सेट घेऊन हॉस्पिटलं फिरतो, दोघं सरकारी जाहिरातीची वाट बघतायत. सुरुवातीचा पगार बेताचाच, रात्रीच्या इमर्जन्सी ठरलेल्या. २०२१च्या केंद्रीय कायद्यात आमच्या नोंदणीची तरतूद झाली, तरी गावात मी अजून 'कंपाउंडर'च!

पुढच्या महिन्यात धाकट्या बहिणीला घेऊन येतोय. तिची बारावी झाली, आणि एका क्लासवाल्याचे फोन सुरू झालेत. माझं ती ऐकत नाही. मान्यतेचा तो प्रश्न तुम्हीच तिला विचारा.

तुमचा,
ड्रम ठासून भरणारा