वाचनालयाच्या काकांना, थैलीच्या पानाबद्दल

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर फारसं वाचत नाही, हे मला माहीत आहे. तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. ज्या चुकीतून तुम्ही मला बाहेर काढलं, ती आमच्यातल्या पुष्कळ शिक्षकांकडून होते आणि बाहेर काढणारं माणूस प्रत्येकाला भेटतंच असं नाही.

2018 चा जुलै तुम्हाला आठवत असेल. 1 तारखेला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं 5 जणांना मारून टाकलं. डवरी गोसावी समाजाचे लोक होते ते, भिक्षा मागत फिरणारे. आपला यवतमाळ जिल्हा तिथून किती लांब! पण तसलेच मेसेज आपल्याकडेही प्रत्येक फोनवर आलेले होते. आमच्या शाळेमागच्या पडीत जागेत नाथजोग्यांची, अशाच भटक्या लोकांची, दोन पालं होती, पावसानं अडकून पडलेली. मोठी माणसं पारावर नुसती बोलत राहिली. दगड मारले ते माझ्या वर्गातल्या मुलांनी. मधली सुट्टी होती, खिचडीची ताटं धुवायची होती. सात-आठ वर्षांच्या एका मुलाच्या कपाळाला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पालं नव्हती.

दगड मारले त्याच दिवशी परिपाठात त्याच मुलांनी ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ हे खणखणीत आवाजात म्हटलं होतं. मी काय केलं? तासभर भाषण दिलं. मग ‘मी कोणाला दगड मारणार नाही’ हे वीस वेळा लिहून घेतलं. अक्षरं सुंदर आली. त्यातली एक मुलगी तर वही दाखवायला हसत हसत आली. तो हसरा चेहरा बघून मी घाबरले, काका. यांना काहीच पोचलेलं नाही, हे मला तेव्हा कळलं.

तुम्ही शनिवारी एसटीनं आलात, नेहमीसारखी खताच्या पोत्याची शिवलेली थैली घेऊन. मी सगळं सांगितलं. तुम्ही ना मुलांना रागावलात, ना मला. थैलीतून एक पुस्तक काढलंत, त्यात एकही अक्षर नव्हतं. रात्रीची वेळ, एक बाई, तिचा हात धरलेला मुलगा, पाठीवर थैली, मागे लांबवर जाळ. तुम्ही मला एवढंच म्हणालात, “मॅडम, तात्पर्य विचारू नका. पान उलटायची घाई करू नका. काय दिसते ते विचारा, आणि कशावरून ते विचारा. बाकी त्यांचं ते पाहतील.”

खरं सांगते, मला ते पटलं नव्हतं. एवढं घडून गेल्यावर चित्रं काय दाखवायची? पण तुम्ही खाली, मुलांच्या बरोबरीनं सतरंजीवर बसलात आणि पहिल्या पानावर दहा मिनिटं थांबलात. मी घड्याळ पाहिलं होतं.

“पोरगं भेलं हाय,” एक जण म्हणाला.
“कशावरून?”
“मायचं बोट नाई, आख्खा हात धरला त्यानं.”

वीस वेळा लिहून घेऊन जे झालं नाही, ते इथे सुरू झालं. शब्द नसल्यामुळे वाचता न येणारा गणेश आणि पहिला नंबर काढणारी रेणुका एकाच पातळीवर आले होते. (ही नावं मी बदलली आहेत.) गोष्टीत कोणाची जात नव्हती, धर्म नव्हता, गावाचं नाव नव्हतं, त्यामुळे ‘आपले’ कोण आणि ‘त्यांचे’ कोण हे मुलांना ठरवताच येईना. बघायला फक्त चेहरे होते. रस्त्यावर अनोळखी माणसाकडे आपण असं टक लावून बघत नाही, नजर चुकवतो. चित्रातल्या माणसाकडे मात्र हवं तेवढा वेळ बघता येतं आणि तो काही म्हणत नाही. हे मी त्या दिवशी शिकले आणि आजवर विसरलेली नाही.

मग तुम्ही चित्रातल्या थैलीवर बोट ठेवून विचारलंत, “हिच्यात काय असन?”

उत्तरं अजून माझ्या वहीत आहेत. भाकरी. आधार कार्ड. शेळीचं पिल्लू, पण ते ओरडलं तर पकडले जातील म्हणून नको. मोबाइलचा चार्जर. रेणुका बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “बाबाचा फोटो.” तिचे वडील ज्या वर्षी गेले त्या वर्षी आमच्याकडे कापसाची बोंडं गुलाबी अळीनं आतून पोखरली होती. त्याबद्दल ती वर्गात कधी एक शब्द बोलली नव्हती. तुम्ही तिला पुढे काही विचारलं नाहीत. “हाव, फोटो पाहिजेच,” म्हणालात आणि पान उलटलंत. मी असते तर तिला जवळ घेतलं असतं, दोन शब्द बोलले असते आणि तिचं बोलणं तिथेच बंद झालं असतं.

शेवटच्या पानानंतर गणेश म्हणाला, “त्या पालातल्या लोकायनं त काहीच नाई नेलं. त्यायचा गंज बी तठीच पडला हाय.” वर्ग एकदम शांत झाला. खिडकीतून तो ॲल्युमिनियमचा गंज, म्हणजे पातेलं, दिसत होता, पावसाचं पाणी भरलेला. मला बोलायचं होतं. तुम्ही डोळ्यांनीच मला थांबवलंत. सुट्टी झाल्यावर चार-पाच जण गेले, गंज उचलून आणला, राखेनं घासला आणि वर्गाच्या कपाटावर ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर तुम्ही दर शनिवारी येत राहिलात. वाचनालयाच्या तुटपुंज्या अनुदानात चित्रांची पुस्तकं बसत नाहीत, ती तुम्ही स्वतःच्या पैशांनी घेत होता, हे मला फार उशिरा कळलं. नीना सबनानी यांनी वडिलांच्या आठवणीवरून केलेलं फाळणीचं पुस्तक तुम्हीच आणलं होतं. 1947 मध्ये ताटातूट झालेल्या दोन मित्रांची गोष्ट, चित्रं कापडाचे तुकडे जोडल्यासारखी. “हे त गोधडीच हाय!” म्हणून मुलं त्यावर अशी झुकली की मागच्यांना दिसेना. पुढे मीही स्टोरीवीव्हर या मुलांच्या पुस्तकांच्या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी मोफत उतरवून तालुक्याला छापून आणू लागले. पण छापील पुस्तक कोणाच्या हातून येतं, यानं फरक पडतो.

एका पालकानं येऊन “असल्या गोष्टी पोट्ट्यायले कायले सांगता, भेतीन ना” असं विचारलं, तेव्हा मी गडबडले होते. तुम्ही त्यांना चहा दिलात आणि येला लेपमन यांची हकीकत सांगितलीत. त्या जर्मन ज्यू पत्रकार. हिटलरच्या काळात त्यांना देश सोडावा लागला, 1945 मध्ये त्या परतल्या आणि भुकेल्या, उद्ध्वस्त देशातल्या मुलांसाठी 20 देशांकडे पत्रं लिहून चित्रांची पुस्तकं मागितली. बेल्जियमनं आधी नकार दिला, दोनदा जर्मन सैन्य आमच्यावर चालून आलं म्हणून. त्यांनी पुन्हा लिहिलं आणि पुस्तकं आली. 1946 मध्ये म्युनिकला त्यांचं प्रदर्शन भरलं, 1949 मध्ये तिथेच मुलांचं आंतरराष्ट्रीय वाचनालय उभं राहिलं. “पोरं भेलेलीच असतात,” तुम्ही त्या पालकांना म्हणालात, “आपण फक्त त्यायले एकटं सोडू नाही.” ते गृहस्थ पुढच्या शनिवारी दाराशी उभं राहून ऐकत होते.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. त्या हिवाळ्यात तुमचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, तुम्ही दीड महिना आला नाहीत. तेव्हा तूर शेंगांवर आली असताना पालं परत लागली. तीच माणसं होती की दुसरी, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मुलं कपाटावरचा गंज घेऊन निघाली, मी सोबत गेले. एका म्हातारीनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि आमचा नाही म्हणाली, पण ठेवून घेतला. रेणुकानं तुमचं पुस्तक नेलं होतं. तिनं तिथल्या एका मुलाला थैलीचं पान दाखवलं आणि तुमच्यासारखंच विचारलं, हिच्यात काय असन.

त्यानं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, “हिनं दोरी नाई घेतली. पाल कायनं बांधन?”

आमच्या वर्गात ते कोणालाच सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझ्या वहीतल्या यादीत रेणुकानं स्वतःच्या हातानं ‘दोरी’ लिहिलं.

ती मुलं आता ज्युनिअर कॉलेजात गेली. पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. थैलीचं पान सुटलं होतं, ते खळ लावून चिकटवलं आहे. तुमच्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद असेल. ते परत न्यायला तरी एखाद्या शनिवारी या. नव्या पहिलीच्या मुलांनी ते अजून तुमच्या शेजारी बसून पाहिलेलं नाही.

तुमची,
शाळेतली मॅडम