चामडे शिवणाऱ्या जुन्या यंत्राचा नंबर घासून टाकू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या शिलाई यंत्रांचे बिडाचे पाय काढून त्यांवर काच किंवा सागवानी फळी बसवायची आणि हॉटेलात टेबल म्हणून मांडायचे, ही पद्धत आता कोल्हापुरातही रुळली आहे. घरगुती यंत्रे लाखोंनी तयार झाली होती, त्यामुळे त्यांच्याबद्दल माझे फारसे म्हणणे नाही. मात्र त्याच ढिगाऱ्यातून चप्पल-बूट दुरुस्त करणाऱ्यांची, जाड चामडे शिवणारी यंत्रेही भंगारात किंवा शोभेच्या कपाटात चालली आहेत आणि त्यांतली कित्येक अजून चालण्याजोगी असतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी शिवाजी उद्यमनगरात फिटर म्हणून आयुष्य काढले. निवृत्तीनंतर गेली काही वर्षे अशी यंत्रे दुरुस्त करण्याचा नाद लागला आहे.

आपल्याकडे ज्याला सरसकट ‘पॅचर’ म्हणतात, ते बहुतेक वेळा सिंगर कंपनीचे २९के असते किंवा त्याची नक्कल तरी असते. यातला ‘के’ म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील सिंगरचा कारखाना. तो १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. या यंत्राची रचना घरगुती यंत्रापेक्षा अगदी वेगळी आहे. घरगुती यंत्रात कापड खालचे दाते सरकवतात, तर इथे चामडे दाबणारा पायच वरून चामडे पकडतो आणि पुढे ओढतो. हा पाय सुईच्या दांडीभोवती गोल फिरवता येतो, त्यामुळे बूट न हलवता टाका हव्या त्या दिशेने नेता येतो. खालची बाही बोटभर बारीक असल्याने ती बुटाच्या नाकापर्यंत आत शिरते. सुईची दांडी पोकळ असते. दोरा तिच्या आतून खाली येतो, आणि तो ओवण्यासाठी आकडा असलेली एक लांब तार लागते. ती तार यंत्रासोबत क्वचितच मिळते. मी सायकलच्या स्पोकपासून ती बनवली आहे आणि तिच्यावर आजवर काम भागले आहे. (कोल्हापुरी चपलेला यंत्राचा टाका चालत नाही, ती चामड्याच्या वादीनेच शिवली जाते, हे मला ठाऊक आहे. हे यंत्र बूट, बॅगा, पट्टे आणि चपलांचे तुटलेले अंगठे यांच्यासाठी.)

गेल्या पावसाळ्यात एका गावातले चर्मकार गृहस्थ त्यांच्या आजोबांचे असे यंत्र टेम्पोतून घेऊन आले. ते म्हणाले, “साहेब, रिपेअर करून आणलं तेव्हापासून टाकाच धरत नाही.” एका दुकानाने ते ‘नव्यासारखे’ करून दिले होते. काळ्या रंगाचा जाड थर चढवला होता आणि पायथ्याशी कोरलेला नंबर खडबडीत दगडाने घासून सपाट केला होता. जुन्या सोनेरी नक्षीचा मागमूस नव्हता. या नक्षीवर लाखेचे रोगण असते, स्पिरिट लागले की ते विरघळते आणि नक्षीही त्याबरोबर जाते, हे माहीत नसले की असे होते. तेवढ्याने यंत्र बिघडत नाही. पण आत शटल, म्हणजे खालचा दोरा सुईच्या दोऱ्यात गुंतवणारा भाग, दुसऱ्याच उपप्रकाराचे बसवले होते. २९के मध्ये बाही आखूड किंवा लांब असते आणि बॉबीनही लहान किंवा मोठे असते. लहान बॉबीनचे शटल दिसायला मोठ्याच्या धाकट्या भावासारखेच असते, पण एकाचा भाग दुसऱ्यात चालत नाही.

नंबर गेला म्हणजे नेमके काय गेले, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सिंगरने १९०० पासून नंबराआधी अक्षरे लावायला सुरुवात केली. एफ, वाय, ईए अशी अक्षरे क्लाइडबँकची आहेत. शिलाई यंत्रांचे अभ्यासक आणि संग्राहक यांनी या नंबरांच्या याद्या जपून ठेवल्या आहेत, त्यांवरून यंत्र कोणत्या वर्षीच्या खेपेतले आहे ते कळते. भागांवरही अनेकदा बारीक आकडे ठोकलेले असतात आणि कंपनीच्या छापील भागयादीत ते आकडे आकृतीसह सापडतात. जुने मेण, तेल आणि धूळ यांचा चिकटा रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून कापडाने पुसला की आकडा वर येतो. पॉलिश पेपरने घासला तर तो आकडाही जातो आणि त्या भागाची ओळखही.

स्क्रूंची गोष्ट तर आणखी बारीक आहे. सिंगरच्या पुष्कळ लहान स्क्रूंचा व्यास ९/६४ इंच आणि आटे इंचाला ४० असतात. म्हणजे व्यास सुमारे ३.५७ मिलिमीटर आणि आट्यांमधले अंतर ०.६३५ मिलिमीटर. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात असा स्क्रू मिळत नाही. ३.५ मिलिमीटरचा स्क्रू दोन फेरे आत जातो आणि अडतो, मग कारागीर पान्याने जोर लावतो आणि भोकातले आटे चिरडतो, किंवा ४ मिलिमीटरचा टॅप मारून, म्हणजे भोकात नवे आटे पाडून, मोकळा होतो. वरील यंत्रात असे तीन टॅप मारलेले मला सापडले. मीही सुरुवातीला हे केले आहे, त्यामुळे दुसऱ्याला शहाणपण शिकवायचा आव आणत नाही.

झीज ओळखायला यंत्र उघडावे लागत नाही. दोरा न ओवता जाड पुठ्ठ्यावर सर्वांत लांब टाका ठेवून यंत्र चालवावे आणि एका इंचात किती छिद्रे पडली ती मोजावीत. या यंत्रात अकरा पडली, म्हणजे टाका फार आखूड. त्यावरून पायाला ढकलणारा, बेल क्रँक नावाचा वाकडा तुकडा टोकाला झिजला आहे हे उघड झाले. त्यावर वेल्डिंगचा थर चढवून, कानसीने घासून आकार आणता येतो, फक्त मूळ आकार माहीत हवा. दुसरी परीक्षा अशी की शटल बोटाने हलकेच धरून चाक अगदी सावकाश फिरवावे आणि शटल हलण्याआधी चाक किती मोकळे फिरते ते पाहावे. बाहीच्या आत एक दातेरी पट्टी पुढे-मागे सरकते आणि टोकाशी असलेल्या पिनियनला, म्हणजे छोट्या दातेरी चाकाला, फिरवते, त्या दोघांचे दात झिजले की सुई वेळेवर येते पण शटलचे नाक उशिरा पोहोचते आणि टाका सुटतो. आधी सुई मात्र तपासावी. २९×३ ही कापडाची आणि २९×४ ही चामड्याची, कापणाऱ्या टोकाची. चामड्यात कापडाची सुई घालून यंत्राला दोष देणारे मी पाहिले आहेत.

बाजारात मिळणारी हाताने फिरवायची स्वस्त चिनी पॅचर यंत्रे बाहेरून याच घराण्यातली दिसतात, पण त्यांचे सुटे भाग २९के मध्ये बसत नाहीत. म्हणून भाग बनवून घ्यावाच लागतो. उद्यमनगरात ओतकाम आहे, लेथ आहे, दाते पाडणारे हात आहेत. काम अडते ते ‘नेमका कोणता भाग, किती मापाचा’ या प्रश्नावर. नमुना म्हणून झिजलेला तुकडाच लेथवाल्याकडे दिला, तर तो झिजेची हुबेहूब प्रत करून देतो!

म्हणून आपल्या वृत्तपत्रातून दोन विनंत्या करतो. ज्यांच्या घरी वा टपरीत असे यंत्र आहे त्यांनी ते रंगवण्याआधी, विकण्याआधी किंवा उघडण्याआधी पायथ्याचा नंबर आणि प्रत्येक भागावरचा आकडा वहीत लिहून ठेवावा आणि मोबाइलवर जवळून फोटो काढावा. आणि शहरातील आयटीआय व तंत्रनिकेतनांनी चांगल्या स्थितीतील एक यंत्र मिळवून त्याच्या दहा-बारा झिजणाऱ्या भागांची मापे विद्यार्थ्यांकडून घेऊन, मराठी नावांसह चित्रे तयार करून घ्यावीत. प्रात्यक्षिकासाठी याहून चांगला विषय त्यांना सापडणार नाही, असे माझे मत आहे.

त्या गृहस्थांच्या यंत्राला मूळचे शटल मला एका भंगारवाल्याकडे मिळाले, बेल क्रँकही भरून झाला. पिनियन मात्र तेलाच्या कागदात गुंडाळून टेबलावर पडून आहे. त्याचे दात मी मोजले आहेत, पण ते मूळचे किती उंच होते हे सांगणारा न झिजलेला जोडीदार अजून हाती आलेला नाही. कोणाकडे असल्यास मोजायला अर्धा तास द्यावा, मी स्वतः घरी येईन.

आपला,
एक निवृत्त फिटर
कोल्हापूर