सूचना: शनिवारचं सुशी जेवण, नावं गुरुवारपर्यंत

टोकियोतल्या निशी-कासाईच्या सभासदांनो, स्टेशनमागच्या गल्लीत निळा पडदा लावलेलं छोटंसं सुशीचं दुकान आहे. चार वर्षं भाजीच्या पिशव्या घेऊन त्याच्यासमोरून जातोय, आत शिरलो परवा. आता हळहळतोय! आजोबा एकटेच बनवतात. भात कोमट, व्हिनेगर बेताचं, आणि साबा तर अप्रतिम. साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवलेला.

शनिवारी संध्याकाळी सहाला जाऊ. काउंटरला आठच खुर्च्या आहेत, त्यामुळे पहिली आठ नावं. बाकीच्यांचा नंबर पुढच्या खेपेला. कार्ड चालत नाही, रोख येन आणा. आणि कृपा करून सेंट फवारून येऊ नका, माशाचा वास मारला जातो.

शाकाहारी मंडळींनी जपून. काकडीची काप्पामाकी (समुद्री शेवाळात गुंडाळलेला भाताचा रोल) बिनधास्त खा. पण इनारी (तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात) किंवा कानप्यो (सुक्या भोपळ्याच्या पट्ट्या) दिसायला शाकाहारी असले तरी बहुधा दाशी नावाच्या जपानी रश्शात शिजवतात, आणि दाशीत सुक्या माशाचा कीस असतो. आजोबांना आधी विचारून घेतो. नात्तोमाकी, म्हणजे आंबवलेल्या, चिकट, उग्र वासाच्या सोयाबीनचा रोल, मात्र ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर.

हाताने खाल्लं तरी चालतं. सोया सॉस माशाच्या बाजूला लावा, भात बुडवलात तर बशीत खिचडी होते. माझी झाली होती.