नऊ स्टडांचा डबा आणि कर्जतचा बँकर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत खेळण्यातल्या ठोकळ्यांनी केलेल्या रेल्वेगाड्या आणि गावं यांवर लेख आला, आणि पुढच्याच आठवड्यात त्यावर एका वाचकांचं पत्र. ठोकळ्यांतून हुबेहूब काही होत नसतं, सगळीकडे फोड आल्यासारखे गोळे दिसतात, मोठ्या माणसांनी यात वेळ आणि पैसा घालवू नये, असा त्यांचा एकंदर सूर. पैशाचं पुढे बोलते. वेळेचं म्हणाल तर निवृत्त बाईच्या वेळेचा हिशेब दुसऱ्यांनी ठेवायचं कारण नाही. राहिलं हुबेहूबपण. त्यावर मात्र मला बोलायलाच हवं, कारण माझी सगळी नोकरी रेल्वेच्या कॅरेज वर्कशॉपच्या ड्रॉइंग ऑफिसात गेली. आधी ट्रेसर, मग ड्राफ्ट्समन. (हुद्दा असाच लिहायचे, माणूस बाई असली तरी.) ड्रॉइंगवर एक रेघ इकडची तिकडे झाली तर संध्याकाळपर्यंत बोलणी खावी लागत, त्यामुळे मोजमापाची खोड हाडात मुरली आहे.

तर आधी मापं. डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या लेगो कंपनीने 1958 साली ज्या ठोकळ्याचं पेटंट घेतलं, त्याची मापं आजही तीच आहेत. ठोकळ्यावरचा जो गोळा पत्रलेखकांना खुपतो त्याला स्टड म्हणतात, आणि दोन स्टडांमधलं अंतर 8 मिलिमीटर. उभ्या ठोकळ्याची उंची 9.6, पातळ प्लेटची 3.2. म्हणजे पाच प्लेटा एकावर एक ठेवल्या की 16 मिलिमीटर, बरोबर दोन स्टडांइतकं. हा एक हिशेब जमला की ठोकळे आडवे लावता येतात, स्टड बाजूला किंवा आत तोंड करून बसतात आणि बाहेरून दिसते ती सपाट भिंत. माझ्या डब्यांच्या बाजूंवर एकही गोळा नाही. पत्रलेखकांनी प्रदर्शनात जे पाहिलं ते मुलांनी सरळ रचलेलं असणार, आणि मुलांनी तसंच रचावं.

आता खरी गंमत. या कंपनीच्या रुळांमधलं आतलं अंतर 37.5 मिलिमीटर. युरोप-अमेरिकेतले लोक त्यांची 1435 मिलिमीटरची स्टँडर्ड गेज त्यावर बसवायला जातात तेव्हा प्रमाण 1:38 च्या आसपास येतं. एवढा मोठा डबा घरात फिरवायचा कुठे? म्हणून बहुतेक जण डबा सहा किंवा आठ स्टड रुंद करतात आणि रूळ डब्याच्या मानाने रुंद दिसतात, त्याकडे काणाडोळा करतात. आपली ब्रॉड गेज 1676 मिलिमीटर. तिला 37.5 ने भागा, उत्तर 44.7 येतं. 45 धरू. आपला नेहमीचा आयसीएफ डबा (म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या घडणीचा) 3245 मिलिमीटर रुंद. भागिले 45, जवळजवळ बरोबर 72. आणि 72 म्हणजे नऊ स्टड, ना कमी ना जास्त. हे गणित मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा पुन्हा करून पाहिलं. डेन्मार्कच्या माणसांनी आपल्या डब्याचा विचार करून रूळ पाडले असतील असं नाही, पण बसतंय ते असं.

नऊ हा आकडा मात्र विषम, आणि तिथे खरी डोकेफोड आहे. बोगीचा, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याचा, मध्य दोन स्टडांच्या मधल्या फटीवर येतो, नऊ स्टडांच्या डब्याचा मध्य एका स्टडावर. दोघांत चार मिलिमीटरचा फरक पडतो. तो जंपर प्लेटने काढायचा. ही दोन स्टडांची प्लेट, पण वर मधोमध एकच स्टड. बोगीच्या खिळीखाली अशा जंपर टाकल्या की डबा अर्धा स्टड सरकतो आणि रुळाच्या मध्यावर येतो. समोरून पाहिलं की व्हेस्टिब्यूलचा, म्हणजे एका डब्यातून दुसऱ्यात जायच्या वाटेचा, रबरी चौकोन दोन्ही रुळांच्या बरोबर मधे. हे पाहून मला जो आनंद होतो तो मी घरच्यांना समजावून सांगायचा प्रयत्न सोडून दिला आहे.

लांबीला मात्र तडजोड. 21.3 मीटरचा डबा 45 ने भागला तर 59 स्टड, म्हणजे हातभराहून थोडा मोठा. कंपनीच्या वळणाच्या रुळाची त्रिज्या 40 स्टड, 320 मिलिमीटर. खऱ्या मापात ते जेमतेम साडेचौदा मीटरचं वळण झालं. आपल्याकडे ब्रॉड गेजला 175 मीटरपेक्षा तीव्र वळण चालत नाही. ते प्रमाणात करायचं तर मला जवळजवळ चार मीटर त्रिज्या लागेल, आणि कल्याणच्या माझ्या हॉलमध्ये सोफासुद्धा तिरका ठेवावा लागतो. काही लहान कंपन्या 104 स्टड त्रिज्येचे वळणरूळ काढतात, ते मी घेतले. डबा 42 स्टडांचा केला. पण नुसता आखडला नाही. स्लीपरच्या डब्यात नऊ कप्पे असतात, मी सहा ठेवले आणि प्रत्येक कप्प्याच्या खिडक्या, त्यांतलं अंतर, दाराजवळची संडासाची छोटी दुधी काच हे प्रमाणातच ठेवलं. पाहणाऱ्याचा डोळा लांबी मोजत नाही, खिडक्यांची लय मोजतो. काय गाळायचं हे ठरवणं म्हणजेच ड्रॉइंग. आमच्या ऑफिसातही खरा डबा कागदावर मावत नव्हताच.

माझं ठोकळ्यांचं गाव कर्जत आहे, म्हणजे स्टेशन, लगतच्या रेल्वे क्वार्टर्स आणि घाटाचा सुरुवातीचा तुकडा. काळ 1970 च्या आधीचा. वडील तिथे पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांचे सांधे बदलणारे, होते, आम्ही क्वार्टरमध्येच वाढलो. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की मागे बँकर, म्हणजे ढकलायचं जादा इंजिन, लागायचा, कारण पुढे बोरघाट, चढ 37 ला 1. बँकर लागेपर्यंत फलाटावर वड्यांची पळापळ. त्या वेळी घाटात मालगाड्यांना आणि ढकलायला डब्ल्यूसीजी-1 इंजिनं असत. रेल्वेत सगळे त्यांना खेकडा म्हणत. दोन्हीकडे लांब नाकं, मधे केबिन, खाली तीन-तीन चाकांना जोडणाऱ्या दांड्या. विजेचं इंजिन असून वाफेच्या इंजिनासारख्या दांड्या हलवत ते कण्हत कण्हत यायचं. ही 41 इंजिनं 1928 पासून आली. पहिली स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यातून आणि बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतून. त्यांतलं 'सर लेस्ली विल्सन' दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे. ज्यांना दांड्या कशा बसतात ते पाहायचं असेल त्यांनी तिथे खाली वाकून पाहावं.

स्विस लोकांच्या गोटहार्ड घाटातलं याचंच थोरलं भावंड, ज्याला ते मगर म्हणतात, लेगोने 2020 साली संच म्हणून आणलं, 1271 तुकड्यांचं. पुण्याच्या भाच्याने तो माझ्या साठीनंतरच्या एका वाढदिवसाला दिला. मी सूचनापुस्तिकेप्रमाणे तो एकदा जोडला, दोन दिवस कपाटावर ठेवला आणि मग खेकड्यासाठी मोडला. मोठ्या चाकांचे दोन प्रकार मिळतात, कडा असलेली आणि बिनकडांची. तीन धुऱ्यांच्या सांगाड्यात मधल्या धुऱ्याला बिनकडांची चाकं घातली नाहीत तर इंजिन वळणावर अडतं. दांड्या दोन्ही बाजूंना काटकोनात लावाव्या लागतात, म्हणजे एक बाजू टोकाशी अडकली की दुसरी खेचते. हे खऱ्या इंजिनातलंच तत्त्व आहे. पुस्तकात वाचून जे डोक्यात शिरत नाही ते इथे बोटाने फिरवलं की कळतं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

घाट कसा केला तेही सांगते, कारण हे मला फार आवडतं. सरळ रुळाचा तुकडा 128 मिलिमीटरचा. प्रत्येक तुकड्यागणिक खाली एक प्लेट वाढवत गेलं की 128 ला 3.2 असा चढ येतो, म्हणजे 40 ला 1. बोरघाटाच्या जवळजवळ बरोबर! आणि मग खऱ्या घाटात जे होतं तेच होतं. चार डबे जोडून एकटं इंजिन चढवलं की चाकं जागच्या जागी फिरतात. मागून दुसरं इंजिन लावावंच लागतं. माझ्या हॉलमधल्या गाडीला बँकर शोभेसाठी लावलेला नाही. त्याच्याशिवाय ती वर जात नाही. फक्त मागून ढकललं की मधले हलके डबे वळणावर रुळावरून उडतात. त्यावर उपाय म्हणजे डब्याच्या फरशीखाली पाच रुपयांची जुनी जाड नाणी. डब्यामागे सहा पुरतात.

ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांना एक सुचवते. 1863 पासून 1929 पर्यंत खंडाळ्याच्या खाली रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी एका टोकाला शिरायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचं आणि उलट्या दिशेने वर चढायची. वळण नको, गोल नको, भिंतीलगतची एक लांब फळी पुरते.

गावाचं बोलायचं तर तिथे ठोकळ्यांचे रंग फार भडक, आणि कर्जत भडक नव्हतं. क्वार्टरच्या काळ्या दगडी भिंतीला दोन करडे आणि एक काळा असे मिसळून वापरले, मधे थोडे विटांच्या खाचांचे ठोकळे. मंगळुरी कौलांना लहान उतरते तुकडे, ज्यांना सगळे चीज स्लोप म्हणतात, तपकिरी आणि गडद लाल आलटून पालटून, आणि एकदोन जागी मुद्दाम काळे, जिथे गळती म्हणून नवं कौल बसवलेलं असतं. पावसाळा दाखवायला फलाटाच्या करड्या टाइलवर चार पारदर्शक टाइल टाकल्या की पाणी साचलं. निळी ताडपत्री टाकायची फार इच्छा होती, पण आमच्या वेळी क्वार्टरवर ती नव्हती, म्हणून हात आवरला.

वड्यांच्या पाटीत एका स्टडाच्या गोल पिवळट तपकिरी प्लेटा आहेत. इथे पत्रलेखकांचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. आठ मिलिमीटरचा वडा 45 पट केला तर 36 सेंटिमीटरचा होतो, म्हणजे परातीएवढा. माणसांचंही तेच. चार सेंटिमीटरचा बाहुला उंचीला पाच फूट अकरा इंच येतो, ठीक आहे, पण कमरेला सव्वादोन फुटांहून रुंद. माझ्या फलाटावर सगळे पैलवान उतरले आहेत. तरी एकाही पाहुण्याने आजवर वड्याचं माप विचारलेलं नाही. सगळे विचारतात ते चटणी कुठे आहे.

पैशाबद्दल. हे महाग आहे, यात वाद नाही. 2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयातशुल्क 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. देशी कारखान्यांसाठी ते असेल, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण परदेशात जुने सुटे ठोकळे किलोवर मिळतात, तसा बाजार आपल्याकडे उभा राहिलेला नाही. मी दुसऱ्या कंपन्यांचेही ठोकळे बिनदिक्कत वापरते, फक्त पकड सैल असलेले रुळांखाली जातात, जिथे वरच्या वजनाने ते दाबून राहतात. शुद्धतावाल्यांनी मला माफ करावं, किंवा करू नये.

आणि रेल्वेच्या प्रतिकृती म्हणजे परदेशी थेरं असंही कुणी समजू नये. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी 1998 मध्ये उघडलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे ठोकळे नाहीत, पण सिग्नल, फाटक आणि गाव यांचा मेळ कसा घालतात ते तिथे पाहावं. आणि दिवाळीत अंगणात किल्ला करताना आपण वर्षानुवर्षं हेच करत आलो आहोत. राजगडाची संजीवनी माची चिखलात कुणी प्रमाणात करत नाही, पण ती राजगडचीच आहे हे गल्लीतल्या पोराला ओळखू येतं.

म्हणून आपल्याकडे एक मागणी आणि रेल्वेकडे एक. आपल्या पुरवणीतल्या लेखात जे फोटो होते त्यांत सगळी घरं उंच निमुळत्या छपरांची, चौकात कारंजं, बेकरीवर फ्रेंच पाटी. करणारी मुलं ठाण्याची आणि नाशिकची. संच जसे येतात तसं गाव होतं, मुलांचा दोष नाही. तेव्हा दरवर्षी आपण किल्ल्यांची स्पर्धा घेता, तिच्या शेजारी स्टेशनांची घ्या. अट एकच, स्टेशन आपल्या तालुक्यातलं हवं आणि त्याची मापं मुलांनी स्वतः जाऊन काढलेली हवीत. रुळांवर उतरायचं नाही, स्टेशन मास्तरांना विचारून फलाटावरूनच. खांबांमधलं अंतर पावलांनी, छपराची उंची माणसाच्या उंचीवरून, खिडक्या मोजून. ठोकळे कुठल्याही कंपनीचे, कमी पडले तर पुठ्ठा चालेल. रेल्वेने जुन्या डब्यांची आणि स्टेशनांची बाहेरून दिसणारी ड्रॉइंग्ज, सुरक्षेला बाध न येणारी, लोकांना पाहायला खुली करावीत. ट्रेसिंग क्लॉथवर शाईने काढलेल्या त्या प्रती किती सुबक होत्या ते मी सांगू शकते, त्यांतल्या काही माझ्या हातच्या होत्या.

परीक्षक लागले तर मी यायला तयार आहे. मानधन नको. स्केल आणि टेप माझी मी आणीन, आणि बक्षिसाला वडा असेल तर खऱ्या मापाचा असावा.

आपली,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन,
कल्याण (पूर्व)