जुनं मागवलं होतं, नवीन का पाठवलंत?

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
रिफर्बिश्ड लॅपटॉप विभाग

सांगली, दि. १४ जुलै २०२५

विषय : मागवलेल्याऐवजी दुसराच लॅपटॉप पाठवणे, नेटवर्क चिपबद्दल चुकीची लेखी खात्री देणे आणि परतावा नाकारणे.

महोदय,

आपल्याकडून आलेल्या लॅपटॉपमध्ये बिघाड काहीही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आपल्या कस्टमर केअरने आतापर्यंत चार वेळा "सर, आम्ही चेक केलं, मशीन ओके आहे" हेच ऐकवलंय. मशीन ओके आहे. फक्त ते मी मागवलेलं नाही.

१२ जूनला मी साडेसहा हजारांना कोअर २ ड्युओचं जुनं मॉडेल मागवलं. चुकून नव्हे, मुद्दाम. मी अभियांत्रिकीच्या मुलांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतो आणि दरवर्षी एक तास जीएनयू हर्ड ही ऑपरेटिंग सिस्टिम दाखवतो. हर्ड १९९० पासून घडतेय आणि अजून प्रायोगिकच आहे. मुलं यावर हसतात, मीही हसतो. पण तिच्यात नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, पोटात नसतो, बाहेर साध्या प्रोग्रॅमसारखा चालतो. वर्गात पिंग (दुसऱ्या मशीनला सतत हाक मारून उत्तर येतंय का ते पाहणं) चालू ठेवायचं आणि मुलांदेखत तो ड्रायव्हर किल करायचा. पिंग अडखळतं, ड्रायव्हर आपोआप पुन्हा उठतो, पिंग पुढे चालू. फळ्यावर तासभर खडू झिजवून जे समजत नाही, ते मागच्या बाकावरच्यालाही तेव्हा समजतं. व्हर्च्युअल मशीनमध्येही हे करता येतं, पण खरी केबल आणि खरा लुकलुकणारा दिवा पाहिल्याशिवाय पोरांना पटत नाही.

अडचण एवढीच, की हर्डचे हे ड्रायव्हर लिनक्स या दुसऱ्या सिस्टिमच्या २.६ या जुन्या आवृत्तीच्या काळातले आहेत. त्यानंतरच्या बऱ्याच चिपा त्यांना ओळखू येत नाहीत. वाय-फायचा तर विषयच नको. म्हणून इंटेलची ८२५७३एल ही नेटवर्कची (लॅनची) चिप असलेलंच मॉडेल निवडलं. माझ्या आधीच्या लॅपटॉपमध्ये तीच होती आणि त्यावर हर्ड नीट चालायची. (त्याच्यावर चहा सांडला. त्यात आपला दोष नाही.)

१६ जूनला आपल्या प्रतिनिधीचा फोन आला : "सर, ते मॉडेल स्टॉकमध्ये नाही, त्याच किमतीत अपग्रेड पाठवतो." मी ताबडतोब ईमेल करून एकच प्रश्न विचारला, लॅनची चिप तीच आहे का? उत्तर आलं : "हो सर, सगळं सेम आहे, फक्त बेटर." हा ईमेल सोबत जोडला आहे. तो आला नसता तर ऑर्डर मी त्याच दिवशी रद्द केली असती.

२० जूनला मशीन आलं. त्याच रात्री डेबियन प्रकल्पाची हर्ड २०२३ ही आवृत्ती टाकली. डिस्क दिसली, कीबोर्ड चालला, नेटवर्क मात्र ढिम्म. त्या रात्रीसकट तीन रात्री मी स्वतःवर आणि हर्डवर संशय घेत काढल्या. केबल बदलली. डीएचसीपी (पत्ता आपोआप देणारी सोय) सोडून आयपी पत्ता हाताने दिला. शोट्रान्स हा आदेश लावून ईथ० च्या, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या, जागी योग्य ट्रान्सलेटर (हर्डमधला जोडणी करणारा प्रोग्रॅम) बसलाय का ते पाहिलं, बसला होता. नेटडीडीई (तोच बाहेर चालणारा ड्रायव्हर) बंद करून पुन्हा सुरू केलं. ते निमूटपणे सुरू व्हायचं आणि एकही कार्ड सापडलं नाही म्हणून गप्प बसायचं. प्रायोगिक कर्नल म्हटलं की पहिला संशय त्याच्यावरच जातो, आणि बऱ्याचदा तो खराही निघतो.

चौथ्या रात्री, २३ तारखेला, एलएसपीसीआय (मशीनमधल्या चिपांची यादी दाखवणारा आदेश) चालवलं. खरं तर ते पहिल्याच रात्री चालवायला हवं होतं, पण मी आपल्या लेखी शब्दावर विसंबून होतो. इंटेलच्या कार्डाचा क्रमांक ८०८६ ने सुरू होतो, त्यांच्या त्या प्रसिद्ध प्रोसेसरवरून. इथे दिसला १९६९:१०९१. हे साल नव्हे, हा अथेरॉसच्या एआर८१६१ चिपचा क्रमांक आहे. हिचा ड्रायव्हर लिनक्समध्येच २०१३ साली, ३.१० आवृत्तीत आला. हर्डमधल्या २.६ च्या ड्रायव्हरांना तो कुठून माहीत असणार? खात्रीसाठी ताज्या लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला, इंटरनेट क्षणात सुरू. म्हणजे कार्ड चांगलं, हर्डचंही काही चुकलेलं नाही. चुकीचं निघालं ते "सगळं सेम आहे".

दुसऱ्या दिवशी तक्रार नोंदवली. तंत्रज्ञाने आधी राउटर रीसेट करायला सांगितलं, मग विंडोजचा ड्रायव्हर अपडेट करायला (विंडोज तिथे नव्हतंच), आणि शेवटी यूएसबीचं लॅन अडॅप्टर लावायला. हर्डमध्ये यूएसबीची बोंब आहे, म्हणूनच तर अंगच्या चिपेची एवढी चौकशी केली होती. या उत्तरांमध्ये चार दिवस गेले आणि २८ जूनला कळवण्यात आलं की सात दिवसांची परताव्याची मुदत काल संपली. शिवाय "एक्सपेरिमेंटल सॉफ्टवेअर टाकल्यामुळे वॉरंटी लागू नाही". वॉरंटी मी मागितलीच कुठे होती? आणि मुदत संपली ती तक्रार आपल्याकडे पडून असताना.

हर्ड आपण चालवून द्यावी असं माझं म्हणणं नाही. ते काम माझं. विचारलेल्या चिपेबद्दल खरं सांगणं एवढंच आपलं काम होतं.

तेव्हा मूळ ऑर्डरमधलं मॉडेल द्यावं, किंवा ८२५७३एल असलेलं दुसरं कुठलंही. झाकणाला ओरखडे असले, बॅटरी अर्धा तासच टिकली, तरी चालेल. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी आणि न्यायचा खर्च आपण सोसावा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे. तसं झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ईमेल, एलएसपीसीआयचा फोटो आणि तक्रारीचा सगळा पत्रव्यवहार सोबत आहे.

लॅपटॉप मूळ खोक्यात, थर्माकोलसकट भरून ठेवला आहे. परत नेताना विंडोज घालून हवा की डिस्क कोरी करून, तेवढं कळवा.

आपला,
एक ग्राहक
(ऑर्डर क्रमांक सोबतच्या पावतीवर)